सुशीलच्या नावची कार्डं

टीम वरसेला राहिली, तर वैशालीला मिळणार होतं ते असं: दिवेलागणीला पेणच्या घरात पाऊल, मुलीबरोबर बसून जेवण, आणि सासूबाईंचं "आलीस गो" हे तुटक पण पुरेसं स्वागत. टीम ऐरोलीला हलली, तर पगार तोच, खुर्ची जास्त मऊ, कॉफीचं मशीन दिमतीला, आणि मुलगी झोपल्यावर घर. वैशालीने आपला स्वार्थ बघितला, असं नंतर कोणी कोणी म्हणालं. बघितला. पण याहून लहान स्वार्थाचं गाठोडं घेऊन फिरणारं माणूस शोधायला जरा लांब जावं लागेल.

रोह्याला लागून वरसे. तिथे खाली हार्डवेअरचं दुकान आणि वर सॉफ्टवेअरचं ऑफिस. नवा येणारा प्रत्येक जण यावर विनोद करायचा, आणि तो आपल्यालाच पहिल्यांदा सुचला अशा चेहऱ्याने करायचा. आसपासच्या कारखान्यांच्या गेटवर कंत्राटी कामगारांची हजेरी घेणारं, त्यांच्या शिफ्ट लावणारं सॉफ्टवेअर इथे बनायचं. मालक मुंबईची कंपनी. इथे पाचच माणसं. टीम सांभाळायची वैशाली, प्रोग्राम लिहायचे सुशील, निलेश आणि प्रविण, आणि लिहिलेलं तपासून त्यातल्या चुका तोंडावर मारायची ती भूमिका नावाची मुलगी.

काम अजाइल पद्धतीचं. म्हणजे वर्षभर दार लावून काहीतरी मोठं रांधत बसायचं नाही; दर पंधरवड्याला थोडं पण पुरतं काम गिऱ्हाइकाला वाढायचं, मीठ-तिखट विचारायचं, आणि पुढचं ठरवायचं. खानावळवाली बाई हेच करते, फक्त तिला त्याचं सर्टिफिकेट लागत नाही. भिंतीवर एक बोर्ड. प्रत्येक कामाचं एक कार्ड, कार्डावर करणाऱ्याचं नाव. कार्ड डावीकडून उजवीकडे सरकत गेलं की काम झालं.

वरसेच्या बोर्डावर कार्डं मधेच तुंबायची. मुंबईच्या कंपनीने शेवटी कळवलं: दिवाळीपर्यंत सुधारणा दिसली तर राहा, नाही तर सगळे आमच्या ऐरोलीच्या ऑफिसात या.

कार्डं का तुंबतात ते ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. एक सुशील सोडून.

सुशील मूळचा गागोदे बुद्रुकचा, भातशेतीच्या घरचा. हे सॉफ्टवेअर मुळात त्यानेच उभं केलेलं. दोन वर्षांपूर्वी त्याच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली. इलाज वेळेवर मिळाला. हातपाय सुटले, बोलणं परत आलं, हसणं तर आधीपेक्षा वाढलं. परत आलं नाही ते एकच. लांबचा धागा त्याला धरून ठेवता येईना. खालच्या ओळीपर्यंत पोचला की वरची निसटायची. आणि निसटतंय हे त्याला पुरतं कळतही नव्हतं. आजाराने नेलेल्या मालात ते कळण्याची शक्तीही गेली होती. डॉक्टर म्हणाले होते, त्याला कामात ठेवा. तो रोज इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यांच्या आधी यायचा.

आजारानंतरचं त्याचं पहिलं कार्ड निलेशने पुरं केलं. गोळी घेतल्यावर सुशीलला झोप लागली होती, टेबलावरच डोकं टेकून. निलेश त्याच्या मशीनवर बसला, राहिलेलं लिहिलं आणि उठला. जागा झाल्यावर सुशीलने स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाला, "झालं की रे!" त्यात असा काही आनंद होता, की खरं सांगायला कोणाची जीभ रेटली नाही. पुढचं कार्ड प्रविणने केलं. नंतर वैशालीनेही. ठरवलं कोणीच नाही.

त्यांच्या गावांत याला सावड म्हणतात. लावणीच्या दिवसांत आज तुझ्या शेतात आम्ही, उद्या आमच्या शेतात तू. घरचा माणूस आजारी पडला, तर त्याचं शेत आधी लावून देतात आणि परतफेडीचं नाव काढत नाहीत. भात ज्याच्या शेतात, त्याचंच. रोप कोणी खोचलं ते कोणी विचारायचं नाही.

"तुमची शेतकऱ्यांची तऱ्हाच न्यारी," भूमिका म्हणायची. तिच्या घरचं पेणच्या खाडीला मिठागर. "आमचेकडं मीठ ज्यानं ओढला, त्याचीच रास."

"म्हणून तर तुम्ही खारट," जिते गावचा निलेश म्हणायचा.

"मंग तुम्ही लय गोड? सुशीलदादाचं काम करताव नि आपलं ठेवताव तसंच. तपासाला मना सगलं शेवटचे दिवशी."

असं बोलणारी भूमिका तपासायला बसली की सुशीलच्या नावचं कार्ड सगळ्यांत आधी घ्यायची.

मग सुजयसर आले. मुंबईच्या कंपनीने पाठवलेले कोच. टीमचं काम सुधारून देणं हेच त्यांचं काम. ते वाईट असते, तर गोष्ट फार सोपी झाली असती. पण ते चहा सगळ्यांबरोबर घ्यायचे, नावं पहिल्याच दिवशी पाठ केली, आणि जे बोलायचे ते बरोबर असायचं. बोर्डासमोर असे उभे राहायचे, जसा डॉक्टर एक्स-रे उजेडाला धरून बघतो.

"एकेकाच्या हातात किती कामं उघडी आहेत बघा," ते म्हणाले. "सुरू सगळं आहे, संपलेलं काहीच नाही. गेटवरच्या माणसाला अर्ध्या कामाचा उपयोग काय?"

सुजयसरांनी सुशीलच्या ओळीवर बोट ठेवलं. तो पाणी प्यायला बाहेर गेला होता.

"आणि यांची कार्डं पंधरवडाभर हलत नाहीत. मग शेवटच्या दुपारी एकदम सगळी पार. असं कसं?"

"दादाचं गरवं भात, सर," निलेश म्हणाला. "उशिरा पिकतं."

सुजयसर हसले. बाकीचेही हसले, जरा जास्तच.

सुधारणा सुरू झाल्या. पहिला नियम, हातातलं कार्ड संपल्याशिवाय दुसरं उचलायचं नाही. दुसरा, कार्ड लहान करायचं, दोन-तीन दिवसांत संपेल एवढंच. गुण यावा तसा आला. बोर्ड वाहू लागला. भूमिकेला रोज थोडं थोडं तपासायला मिळू लागलं, आणि तिच्या शिव्याही त्याच मापाने कमी झाल्या. एका कारखान्याच्या गेटवर जनू नावाचा सुपरवायझर होता. त्याने कामगारांची रांग लवकर सरकावी म्हणून एक सोय मागितली होती. ती मिळाल्यावर त्याने फोन केला, "पहिल्यांदा असं झालं बघा, मागितलेलं विसरायच्या आत आलं."

सावड मात्र अवघड झाली. एका हाताला एकच कार्ड म्हटल्यावर दुसऱ्याचं कार्ड उचलायचं कधी? निलेश आणि प्रविण जेवणाच्या सुट्टीत करू लागले. सुशील डबा खाऊन गोळी घ्यायचा, त्याला डुलकी लागायची, आणि हे त्याच्या मशीनवर घाईघाईने चार घास खावेत तसं काम उरकायचे.

तिसरा नियम सुजयसरांनी दसऱ्यानंतर सांगितला. तोवर पंधरवड्याचं काम गिऱ्हाइकाला वैशाली दाखवायची. "यापुढे ज्याचं काम, त्यानेच दाखवायचं," ते म्हणाले. "वापरणारा समोर असू द्या. त्याचा प्रश्न थेट लिहिणाऱ्याच्या कानावर पडला पाहिजे. मधे कोणी नको."

हेही बरोबरच होतं.

संध्याकाळी सुशील घरी गेल्यावर बाकीचे चौघे खालच्या टपरीवर चहाला उभे राहिले.

"सुजयसरांना सांगून टाकू का?" वैशालीने विचारलं.

"सांगितल्यावर ते वर सांगणार," प्रविण म्हणाला. "वरचे म्हणणार, पाचांत एक माणूस नुसता बसून. म्हणजे दादा घरी, आणि आपण ऐरोलीला."

"मंग दादालाच सांगा," भूमिका म्हणाली.

"काय सांगू गो?" निलेश तिच्यावर उखडला. "दोन वर्षं तू केलंस ते तू केलंसच नाय, असं?"

"आज ना उद्या कलनारच हाय त्याला."

"उद्याचं उद्या. एकच स्क्रीन दाखवायची हाय. मी बसवतो त्याच्याकडून. कविता पाठ करून घेतात तशी."

सगळे वैशालीकडे बघू लागले. तिच्यापुढे तीन वाटा होत्या: सुजयसरांना सांगायचं, सुशीलला सांगायचं, किंवा चहा संपवायचा. तिची गाडीची वेळ झाली होती.

"नीट बसव," ती निलेशला म्हणाली आणि स्टेशनकडे निघाली.

निलेशने खरंच नीट बसवलं. काम होतं शिफ्टच्या बदलीचं. एका कामगाराला यायला जमत नसेल तर दुसऱ्याने त्याच्या जागी यायचं, आणि हे दोघांनी मोबाईलवरूनच ठरवायचं. निलेश रोज सुशीलशेजारी खुर्ची ओढून बसायचा आणि काही समजत नसल्याचं सोंग आणायचा.

"अरे, तुला अजून नाय कळलं?" सुशील म्हणायचा. "इथे दाबायचं, मग समोरच्याला निरोप जातो, त्याने हो म्हटलं की बदली. परत सांगू?"

"सांग दादा."

"तुझं लक्ष कुठं असतं रे हल्ली? लग्नबिग्न ठरतंय काय?"

"तू दाखव आधी. मग माझं बघ."

सुशील परत दाखवायचा. शिकवण्याचं सुख त्याच्या चेहऱ्यावर दिसायचं. घरी जाऊन त्याने बायकोला, प्रतिक्षाला सांगितलं, निलेश हुशार हाय पण जरा धीम्याने घेतो.

शुक्रवारी त्याने भावाच्या लग्नातला शर्ट घातला होता. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर मुंबईच्या कंपनीची माणसं, खोलीत सुजयसर, आणि पुढच्या खुर्चीवर गेटवरचा जनू, खास बोलावलेला. सुशीलने दाखवलं. अडखळला नाही. निलेशने हळूच श्वास सोडला. पडद्यावरची एक बाई म्हणाली, "छान आहे." आता संपायला हरकत नव्हती.

"सुशीलदादा, एक विचारू?" जनू म्हणाला. "समजा माझी शिफ्ट सखाने केली. मी घरी झोपलो. हजेरी कोणाची लागल?"

हा प्रश्न पाठात नव्हता. निलेशने वैशालीकडे पाहिलं. सुशीलचा चेहरा मात्र उजळला. हे त्याला कोणी पाठ करून द्यायची गरज नव्हती. आजाराच्या आधीचं सगळं त्याच्यापाशी जागच्या जागी होतं.

"जो गेटातून आत आला त्याची," तो ठणकावून म्हणाला. "घाम सखाचा, तर हजेरी सखाची. हे मी पहिल्याच वर्षी ठरवलेलं हाय. हे बघ, दाखवतोच."

त्याने बदली केली, सखाला गेटातून आत घेतलं आणि हजेरीचं पान उघडलं. पानावर जनू हजर होता. सखाचं नावच नव्हतं.

निलेशने ते जेवणाच्या सुट्टीत लिहिलं होतं, आणि लिहिताना त्यात काही चुकतंय असं त्याला वाटलंच नव्हतं. काम एकाने केलं, नाव ज्याचं होतं त्याचं राहिलं. दोन वर्षं तो दुसरं काय करत होता?

"असं कसं?" सुशील म्हणाला. त्याने आतला प्रोग्राम उघडला. तेवढा तुकडा लहान होता. तेवढा धागा त्याला धरता येत होता. त्याने ओठ हलवत वाचलं, बोट ठेवत परत वाचलं.

"हे मी लिहिलेलं नाय."

"दादा, आपण नंतर बघू," वैशाली म्हणाली.

"थांब. मी हजेरी अशी लिहिणारच नाय." तो पुढे वाचत गेला आणि एका ओळीवर थांबला. "इथे 'तात्पुरतं' लिहिलंय. ही निलेशची खोड. जिथे घाई असल तिथे 'तात्पुरतं' लिहून ठेवतो." त्याने वर पाहिलं. "निलेश, हे तू लिहिलंस?"

"व्हय दादा."

"एवढंच ना?"

निलेशला हो म्हणता आलं असतं. एरवी ज्याच्या जिभेवर उत्तर तयार असायचं, तो जमिनीकडे बघत उभा राहिला. सुशीलने प्रविणकडे पाहिलं, भूमिकेकडे पाहिलं, शेवटी वैशालीकडे. कोणाचीच नजर त्याला सापडली नाही.

सुजयसरांनी पुढे होऊन पडदा बंद केला. मुंबईला त्यांनी फोनवर सांगितलं की रोह्याचं नेट गेलंय. इथे आल्यापासून ते बोललेलं हे पहिलं खोटं, आणि खोलीतल्या सगळ्यांनी त्याबद्दल मनातल्या मनात त्यांचे आभार मानले.

"माझ्या विचारण्यानं काय झालं काय?" जनू कावराबावरा झाला होता.

"नाय रे. बरोबर विचारलंस," सुशील म्हणाला. "हजेरी काम केलं त्याचीच. होईल दुरुस्त."

मग तो उठला, बोर्डाजवळ गेला, आणि आपल्या नावची कार्डं एकेक करून काढू लागला. झालेल्या कामाच्या रकान्यातलीही काढली. ती त्याने निलेशच्या टेबलावर ठेवली, डबा पिशवीत घातला आणि घरी गेला. जाताना दार नीट ओढून घेतलं.

सोमवारी तो आला नाही. मंगळवारी वैशाली त्याच्या घरी गेली. दार प्रतिक्षाने उघडलं आणि तिला तिथेच थांबवलं.

"तुम्ही केलंत ते चांगलं की वाईट, मला नाय कळत ताई," ती हळू आवाजात म्हणाली. "माया होती, ते कळतंय. पण रोज संध्याकाळी तो येऊन मला सांगायचा. आज हे केलं, आज ते जमलं. मी भाकऱ्या थापत ऐकायचे. मला वाटायचं, माणूस परत येतोय. मला तरी सांगायचंत."

एवढ्यात आतून सुशीलच आला. दाढी वाढलेली, पण बोलणं शांत.

"वैशाली, एक काम कर माझं," तो म्हणाला. "दोन वर्षांतलं सगळं हाय ना तिकडे? त्यातलं माझं कुठलं, तेवढं वेगळं काढून सांग. मी आठवून बघतोय, पण मिसळतं. थोडं तरी असल ना माझं?"

"असेल ना दादा. सांगते."

ऑफिसात येऊन तिने सगळ्यांना बसवलं. कोणत्या दिवशी कोणी काय लिहिलं, याची नोंद सॉफ्टवेअरमध्ये आपोआप राहते. तिथे सगळीकडे सुशीलच होता. त्याच्या मशीनवर, त्याच्या नावाने, त्याच्या खुर्चीत बसून सगळ्यांनी लिहिलेलं. मग आठवून बघायचं ठरलं.

"सुट्टीच्या अर्जाचं पान त्याचं," प्रविण म्हणाला. "मी हात नाय लावलेला."

"मी लावलेला," निलेश म्हणाला. "पण सगळं नाय. वरचा भाग बहुतेक त्याचा."

"बहुतेक?"

"मी बसलो तेव्हा थोडं लिहिलेलं होतं. कुठपर्यंत, ते आता नाय आठवत."

"ओव्हरटाइमचं?"

"ते तू केलंस ना?"

"मी? मला वाटलं तू."

असं संध्याकाळपर्यंत चाललं. सुशीलने लिहिलेलं त्यात होतं, हे नक्की. रोज सकाळी लवकर येऊन तो काहीतरी लिहायचाच, आणि त्यातलं काही बरोबरही असायचं. पण हिशोब ठेवायचा नाही हाच सावडीचा नियम, आणि तो त्यांनी इतका चोख पाळला होता की आता एक ओळसुद्धा छातीवर हात ठेवून त्याची म्हणून सांगता येईना.

"दोनचार सांगा ना त्याचे नावाव," भूमिका रडवेली होऊन म्हणाली. "कोन बघाला येतंय?"

"परत?" निलेश म्हणाला.

तेवढ्यावर बोलणं संपलं.

दुसऱ्या दिवशी वैशालीने सुशीलला खरं सांगितलं. त्यातलं तुझं आहे, पण कुठलं ते आम्हाला सांगता येत नाही. त्याने ऐकून घेतलं. "बरं," म्हणाला. आणि तिला वाईट वाटू नये म्हणून असेल, "तुम्ही तरी कुठं लिहून ठेवणार," एवढं म्हणाला. कामावर तो परत आला नाही.

दिवाळी झाली. आता कोणाच्या वाट्याला काय आलं ते बघू.

टीम वरसेलाच राहिली. मुंबईच्या कंपनीला काम वेळेवर मिळू लागलं, आणि सुजयसरांना पुढची टीम. जनूच्या गेटवर आता जो आत येतो त्याचीच हजेरी लागते. भूमिकेचं काम वेळेत संपतं. निलेश स्वतःच्या नावाने स्वतःचं काम करतो. सकाळच्या बैठकीत विचारलं तेवढंच बोलतो. वैशाली दिवेलागणीला घरी पोचते. मुलगी ताट घेऊन वाट बघत असते, आणि वैशाली जेवते.

या सगळ्याची किंमत ज्यांनी भरली ते दोघंच. सुशीलने आपली दोन वर्षं दिली. त्यातलं जे त्याचं नव्हतं ते गेलंच, आणि जे त्याचं होतं तेही त्यासोबत गेलं. प्रतिक्षाने आपल्या सगळ्या संध्याकाळी दिल्या. ती भाकऱ्या थापते, तो समोर बसलेला असतो. तो काही सांगत नाही, आणि ती विचारत नाही.